मराठी शाळेच्या ओट्यावर पडलेला बर्फ

सर्व संबंधितांस, विशेषतः हवामानाचे अंदाज वर्तवणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात आजवर एकदाच बर्फ पडला आहे. पौषातल्या एका दुपारी, लख्ख ऊन असताना, साडेचारच्या सुमारास तो पडू लागला आणि फक्त मराठी शाळेच्या ओट्यावर पडला. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या अंगणात एक कणही नाही. त्याची सरकारदप्तरी नोंद नाही, पंचनामा झाला नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. त्या बर्फात दोन बायका सापडल्या. त्यांतली एक मी. दुसरी आता नाही, म्हणून ही नोंद करून ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे, आणि ती मी पन्नाशी ओलांडल्यावर, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत पार पाडते आहे.

बर्फाआधी कापसाबद्दल सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असायचा. वेचून आणलेला कापूस पुढच्या खोलीत ओतायचा, तो चढत चढत खिडकी गिळायचा, मग भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून बुडायच्या. मारुतीराय गळ्यापर्यंत बुडाले की समजायचं, वेचणी निम्म्यावर आली. आम्ही सगळे स्वयंपाकघरात सरकायचो. पाहुणा आला तर त्याला कापसाच्या कडेला बूड टेकायची परवानगी असे, आणि तो उठला की त्याच्या पाठीमागून माझी माय हात फिरवून चिकटलेला कापूस काढून घ्यायची. पाहुण्याला वाटायचं, किती माया! आम्ही भावंडं त्या ढिगावर चढून झोपायचो. ढगावर झोपल्यासारखं वाटायचं, एवढंच की त्या ढगात बारीक किडे असायचे आणि सकाळी सगळ्या अंगाला खाज सुटायची. अजूनही कुणी मला ‘स्वर्गसुख’ म्हटलं की माझी पाठ खाजवायला लागते.

या कापसाची, घराची आणि आम्हा सगळ्यांची मालकीण म्हणजे अक्का, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि आल्याच दिवशी तिनं घर ताब्यात घेतलं असावं. माझे वडील, आबा, सहा फूट उंच, पिळदार मिशांचे. पण अक्कासमोर त्यांचं सगळं आयुष्य एका वाक्यात गेलं. “अक्का म्हनस तसंच.” आमच्या घरात अहिराणी बोलत, आणि अहिराणीत हे वाक्य आणखीच छोटं आणि आणखीच पक्कं वाटतं. अक्काच्या दोन गोष्टी पंचक्रोशीला माहीत होत्या. पहिली, जमिनीवर पडलेलं कापसाचं बोंड तिच्याच्यानं बघवत नसे. गाडीवाटेनं जाताना बोरी-बाभळींच्या काट्यांना गाडीतला कापूस अडकलेला असतो, तोसुद्धा ती काढून पदरात टाकायची, मग ती गाडी आमची असो नाहीतर वैऱ्याची. दुसरी, ती कुठेही दहा मिनिटांच्या वर बसत नसे. लग्न असो, कीर्तन असो, बसायची, ऐकायची, आणि मधेच “चला, कामं पडेल शेतंस” म्हणून उठायची. एका कीर्तनकारानं तिला उठताना पाहून अभंग अर्ध्यावर सोडला होता म्हणतात.

अशा घरात जपान शिरला तो देवरे सरांमुळे. मी धुळ्याला कॉलेजात होते. देवरे सर मराठी शिकवायचे, पण जीव सगळा नाटकात. अस्सल धुळेकर, शहरातले. शेत त्यांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. कॉलेजच्या लायब्ररीत त्यांना जपानी रंगभूमीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं आणि सर पार वाहून गेले. “मंगल,” ते मला म्हणाले, “त्यांच्याकडे ऋतू हे नुसतं हवामान नसतं. ते पत्र लिहितात तर आधी ऋतूची खबर देतात. कपड्यावरचं फूल झाडावर फुलण्याच्या जरा आधी अंगावर घालतात. आणि नाटकात तर नटानं एक फुललेली फांदी हातात धरली की झाला वसंत! एक लाल पान पडलं की शरद, आणि शरद आला की प्रेक्षकानं ओळखायचं, आता ताटातूट होणार. झाड नाही, पडदा नाही, काही नाही. एक फांदी!” मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. अक्का शेंगा निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “त्या लोकेस्कडे कॅलेंडर नई शे का?”

सरांनी नाटक लिहिलं. त्यात एकच मोठी भूमिका होती, नावाडणीची, आणि ती माझी. नवरा नदीपलीकडे गेला तो आलाच नाही. ती वसंतात वाट बघते, उन्हाळ्यात बघते, शरदात बघते. दरवेळी तिला कुणीतरी सांगतं, नाव सोडू नकोस, तुझी जागा इथंच. शेवटी हिवाळ्यात बर्फ पडतो, नदी गोठते, नावेचं कामच उरत नाही, आणि ती चालत नदी ओलांडते. पलीकडे काय आहे ते कळत नाही. नाटक संपतं. मला ते वाचताच कळलं की हे माझ्यावर लिहिलंय, सरांना हे माहीत नव्हतं तरी.

कारण माझ्या वहीत एक फॉर्म घडी घालून ठेवलेला होता. नाटक शिकवणाऱ्या, लांबच्या शहरातल्या अभ्यासक्रमाचा. त्यावर आबांची सही हवी होती. आबांना विचारलं तर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं. अक्काला विचारलं तेव्हा ती चुलीपुढे होती. कापसाच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजत होती, त्यांच्या सालींचे पापुद्रे फुगून फट् फट् फुटत होते.

“तठे जाईसन काय शिकशी?” अक्का म्हणाली. “तोंडले रंग लावानं?”

“चालायला शिकायचं, अक्का. बोलायला. उभं राहायला.”

“म्हंजे वीस वरीस आम्ही तुले काय शिकाडं? लोळानं?”

माय पदरात तोंड लपवून हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, “अक्का, मी जाणारच.” घरात हे वाक्य त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. आबा दाराशी बसून बैलाचा कासरा वळत होते, त्यांचा हात थांबला. अक्कानं चिमट्यानं वांगं उलटलं, पूर्ण भाजू दिलं, मग बोलली. “जानारच म्हननं सोपं शे. पहिले माले दखाड, काय शिकाले जाई ऱ्हायनी ते. मी जागावरथून उठनू नई, तं जाय. उठनू, तं डी.एड.ना फारम भर आनि शायमा पोरं शिकाड. मना शबद शे.” म्हणजे नाटक संपेपर्यंत ती बसली तर मी मोकळी, उठली तर मी शाळेत मास्तरीण. आणि अक्काचा शब्द म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती, तिनं एकदा शब्द दिला म्हणून न आवडणाऱ्या व्याह्याच्या घरी तीन दिवस जेवली होती.

योगायोग असा की कॉलेजचं श्रमशिबिर त्या वर्षी आमच्याच गावात होतं. पंधरा दिवस बांध घालायचा, रस्ता करायचा, आणि शेवटच्या दिवशी मराठी शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम. संध्याकाळी हमखास लाईट जायची, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला. सरांचं नाटक तिथंच होणार होतं. म्हणजे जगात सर्वांत सावकाश चालणारं नाटक, कारण सर म्हणायचे की जपानी पद्धतीत पाऊल उचलायचंच नाही, सरकवायचं, आणि एका पावलात प्रेक्षकाचा चहा पिऊन झाला पाहिजे. आणि समोर जगात सर्वांत कमी वेळ बसणारी बाई. तेव्हा मी माझी बॅग भरून ठेवली. फॉर्मवर सही नव्हती, पण जपान्यांचं फूल झाडाआधी कपड्यावर येतं ना, तशी.

आता ऋतू जमवायचे होते. वसंताला चेरीचा मोहोर हवा. तो शिंदखेड्यात मिळत नाही, नरडाण्यात मिळत नाही, पाचोऱ्याच्या बाजारातही मी विचारला, फळवाल्यानं मला पाकातली करवंदं दाखवली. शेवटी बोरीच्या काटकीला पतंगाच्या गुलाबी कागदाची फुलं चिकटवली. वसंत सुंदर दिसायचा, फक्त हाताला टोचायचा. उन्हाळ्याला शिंदीच्या पानांचा हातपंखा. शरदाला लाल पानं हवी होती, पण पुस्तकात आणखी एक खूण निघाली. जपानात केळीचं वाऱ्यानं फाटलेलं पान म्हणजे शरद, म्हणजे काही टिकत नाही याची आठवण. हे ऐकून माझी मैत्रीण छाया एकदम उसळली. ती रावेरकडची, तीन पिढ्या केळीच्या बागेत वाढलेल्या. “सर, आमच्याकडे पान फाटलं की कुणी कविता करत नाही. बाग आडवी झाली का ते बघायला पळतात.” पण पुढच्या रविवारी गावाकडून येताना पुरुषभर उंचीचं पान तिनंच आणलं, आणि गाडीत कुणालाही टेकू दिलं नाही.

हिवाळ्यानं मात्र घात केला. पुस्तकातला हिवाळा वाळवीनं खाल्ला होता. उरली होती अर्धी ओळ, की बर्फ पडताना मोठ्या ढोलावर मऊ काठीनं आघात करतात, बर्फाचा आवाज म्हणून. बर्फ कशाचा करतात ते वाळवीच्या पोटात. आमच्यापैकी कुणीही पडणारा बर्फ पाहिलेला नव्हता. बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी आणि तिच्यावर ओतलेलं लाल सरबत. सरांनी डोळे मिटून कल्पना केली आणि म्हणाले, “कापसासारखा पडतो.” मी म्हटलं, “कापूस आहे आमच्याकडे.” इतिहासात मोठमोठ्या चुका अशाच साध्या वाक्यांनी झाल्या असतील. (परवा भाचीनं मोबाईलवर दाखवलं. ते लोक वरून कागदाचे बारीक कपटे पाडतात. कागदाचे! देवरे सर, जिथं असाल तिथं ऐका. कागद!)

ढोलाला आमच्या गावचे सुकदेव नाना. लग्नात त्यांनी ढोल वाजवला की म्हातारी माणसं उठून नाचायची. त्यांना सरांनी समजावलं की बर्फाला आवाज नसतो, आणि तोच तुम्हाला वाजवायचाय. नानांनी सरांकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघावं तसं. “सर, आवाजच नई, मंग वाजाडू काय?” दोन दिवस नाना ढोल घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी ते आणि सर आमच्याकडे जेवायला बसले होते. माय भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडाच्या कोरीव भांड्यात, ठेचत होती. गरम वांग्यावर लाकूड पडतं तेव्हा एक मऊ, ओला, खोल आवाज होतो. धप्प. मग थोडी शांतता. धप्प. कांद्याच्या पातीचा आणि मिरचीचा वास घरभर. नानांचा घास हातातच राहिला. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “आखो एकदाव ठोक बरं.” मायनं ठोकलं. नाना कळण्याची भाकरी तशीच ताटात ठेवून उठले, ढिगातून मूठभर कापूस उचलून काठीला गुंडाळला, वर चिंधी बांधली, आणि ढोलावर मारली. धप्प. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. जपानचा हिवाळा आमच्या वांग्याच्या भरतातून निघाला.

तालमीत अडचण माझ्यामुळे आली. छाया ओट्याच्या वरच्या लाकडी तुळईवर बसून चाळणीतून कापूस गाळायची, मी हळूहळू नदी ओलांडायची, आणि तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप खाली जायचा. कापूस जमिनीवर दिसला की तो उचलायचा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ते हातातच होतं. गुडघ्यात वाकायचं, दोन्ही हातांनी झटपट वेचायचं, ओटीत टाकायचं. सर ओरडायचे, “मंगल! तू बर्फात निघालीस की वेचणीला?” सगळे हसायचे. मी पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा हात जायचा. शेवटी मी किमोनोच्या बाह्यांत दोन्ही हात घालून स्वतःची कोपरं घट्ट धरून चालायला लागले. (किमोनो सोलापुरी चादरीचा होता. त्यावर मोर होते. मोर कोणत्या ऋतूत येतात ते सरांनाही सांगता आलं नाही.) मनात एकच घोकायचं, हात खाली गेला तर डी.एड.

आणखी एक अडचण. सरकीसकट कापूस तरंगत नाही. तो टपकन पडतो. म्हणून छाया, माय आणि मी चार दिवस बसून हातानं सरक्या काढल्या, कापूस पिंजला, आणि टोपलीभर बर्फ तयार केला. शेजारी न निवडलेल्या कापसाची एक टोपली होती, ती छायानं नुसती जवळ असावी म्हणून तुळईवर नेऊन ठेवली. छायाची ही सवय मला अजूनही आवडत नाही.

प्रयोगाला सगळं गाव आलं. पुढे बायका, मागे पुरुष. पहिल्या रांगेच्या मध्यभागी अक्का, मांडी घालून, शेतातून थेट आलेली, कपाळाला घामाची धार. मागे, खांबाला टेकून आबा. वसंत आला. मी काटकी धरून उभी राहिले. एक बोट टोचलं, पण माझ्या चेहऱ्यावर वसंतच होता. अक्का बसली होती. उन्हाळा आला, मी पंखा उघडला नाही, नुसता हलवला. अक्कानं मांडी बदलली. मांडी बदलणं ही तिची उठण्याची पहिली घंटा. शरद आला, ते पुरुषभर पान डोक्यावर धरून मी निघाले, आणि मागून कुणीतरी विचारलं, “पंगत बसस का?” हशा झाला. अक्का हसली नाही. ती नुसती माझ्या पायांकडे बघत होती. दहा मिनिटं होऊन गेली होती. पंधरा झाली होती. ती अजून जागेवरच होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

मग नानांची काठी पडली. धप्प. शांतता. धप्प. वरून पांढरं काहीतरी तरंगत आलं, उन्हाच्या तिरिपेत चमकलं, आणि माझ्या खांद्यावर बसलं. मला आजही वाटतं, त्या घडीला सरांच्या मनात शेवट होता, निरोप होता, पांढरी शांतता होती. पण समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत दिवाळी होती. आमच्याकडे शेत पांढरं झालं की घर हसतं. त्यांना तो सुखाचाच ऋतू दिसत होता, आणि म्हणून नावाडीण निघाल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्या मला जणू हातांनी पुढे ढकलत होत्या. मी कोपरं घट्ट धरली. हात खाली नेला नाही. एक पाऊल. धप्प. दुसरं. मी ठरवलं होतं, घाई करायची नाही, एकही पाऊल चोरायचं नाही. आणि तेच नडलं. नदीच्या मध्यावर असताना छायाचा बर्फ संपला.

छायानं दुसरी टोपली उपडी केली.

तो बर्फ नव्हता. तो सरकीसकटचा, घरचा, अस्सल कापूस होता. टप, टप, टप, ओट्यावर, पायऱ्यांवर, खालच्या धुळीत. एक बाई कळवळली, “माय वं, कापूस पडी ऱ्हायना!” आणि पहिल्या रांगेत अक्का उठली.

मी तिला उठताना पाहिलं. नजर समोर ठेवायची असते, तरी पाहिलं. आणि मला विलक्षण राग आला. मी ठरवलं, फॉर्म गेला तर जाऊ दे, नदी तर मी ओलांडणारच. पाऊल सरकवलं. धप्प. सुकदेव नानांनीही काठी थांबवली नाही. अक्का पायऱ्या चढून ओट्यावर आली, पदर कमरेला खोचला, ओटी केली, आणि वाकली. दोन्ही हात चालू. पाऊल न उचलता सरकवत, नजर खाली, पाठ एका रेषेत, नानांच्या ठेक्यावर. सर जे आम्हाला पंधरा दिवस शिकवत होते, ते हेच होतं. ही बाई चाळीस वर्षं तसंच चालत होती. सर दाराच्या चौकटीला धरून उभे, तोंड उघडं.

माझ्याजवळ आल्यावर अक्कानं वर पाहिलं. “दखत काय ऱ्हायनी?” ती कुजबुजली. “ती ओळ तू धर. ही मी धरस.”

मी कोपरं सोडली. हात खाली गेले. आम्ही दोघींनी शेजारी शेजारी, दोन ओळी धरून, वेचत वेचत ती नदी ओलांडली. कुणी खोकलंसुद्धा नाही. पलीकडच्या काठावर, म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीच्या दारापाशी, आमच्या ओट्या भरल्या आणि नानांची काठी थांबली. वरून दोरीनं पडदा ओढायचा तो छाया विसरली.

अक्का सरळ झाली. भरली ओटी धरून तिनं समोर पाहिलं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. मग तिनं पहिल्या रांगेतल्या आपल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तिला आठवलं. तिचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. ती शब्द मोडणारी बाई नव्हती, आणि उभी तर राहिलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले, मिटले. मी वाट बघत राहिले.

आणि मागून, खांबापासून, ज्या माणसानं जन्मात बहिणीच्या आधी तोंड उघडलं नव्हतं, त्या आबांचा आवाज आख्ख्या शाळेवरून गेला:

“अक्का उठनी नई! अक्का नाटकमा गई!”